टकटकताई

लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या मागच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करणारी बाई मी एकच पाहिली. "गिलावा सुटलाय, आतून पोकळ आहे," एवढं बोलून त्या पुन्हा बासुंदीकडे वळल्या. जुन्या इमारती जपणाऱ्या आमच्या सुरतेच्या ऑफिसातल्या त्या सर्वांत ज्येष्ठ आर्किटेक्ट. पण नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. टकटकताईच!

ताई सुरतेतल्याच लिंबायतच्या, खानदेशातून आलेल्या कामगारांच्या वस्तीतल्या; वडील कापडाच्या लूमवर कामाला. "एका खोलीत वाढले ना, म्हणून मला मोठ्या घरांचा हेवा नाही, हौस आहे," असं म्हणायच्या.

मी रुजू झाले तेव्हा गोपीपुऱ्यातलं एक जुनं लाकडी वाचनालय पाडायचं घाटत होतं. विश्वस्तांना तिथे दुकानं हवी होती. वारशाचं महत्त्व पटवायला मी जोरदार भाषण तयार केलं. ताई म्हणाल्या, "भाषण राहू दे. मीटिंग वाचनालयातच घेऊ, वरच्या मजल्यावर."

"मे महिन्यात? तिथे पंखासुद्धा नाही!"

"म्हणूनच."

विश्वस्त घाम पुसत वर आले. ताईंनी आतल्या चौकाकडची दारं आणि रस्त्याकडच्या खिडक्या उघडल्या, आणि खुर्चीत टेकून बसल्या. थोड्या वेळाने अध्यक्षकाकांनी रुमाल खिशात ठेवला. "बेन, आ पवन क्यांथी आवे छे?"

"हा वारा तुमच्या आजोबांनीच बांधून ठेवलाय, काका. पाडलंत तर एसी लावावा लागेल."

काका हसले. लगेच मानले मात्र नाहीत. पुढे वर्षभर घोळ घातला. पण वाचनालय राहिलं.

दुरुस्तीच्या काळात ताई आम्हाला बजावायच्या, "आपलं काम डोळ्यांत भरलं, तर समजा चुकलं." उद्घाटनाला त्यांची आई आली. तिने खांब, कठडे, जिना, सगळं निरखून पाहिलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, "बठ्ठं जुनंच शे ना व माय! मंग तुन्हं काय काम व्हतं?"

ताई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. एवढी मोठी शाबासकी त्यांना कुठल्याच व्यासपीठावर मिळाली नव्हती.

त्यानंतर लवकरच त्या धुळ्याकडच्या कामावर गेल्या. निघताना मी रडवेली झाले, तर त्यांनी नानपुऱ्यातल्या एका घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "हे आता तुझं काम. मालक भांडकुदळ आहेत, पण नाश्ता झकास देतात."

आज सकाळीच मालक जिन्यावरून माझ्यावर कडाडले, आणि मग नाश्त्याला गरम सुरती लोचोची प्लेट पुढे सरकवली.