कानाशी धरलेली पट्टी

मानेसरच्या कारखान्यातले मशीन ऑपरेटर माझी प्लास्टिकची प्रत्येक चाचणी-पट्टी कानाशी धरून वाकवायचे, आतून तडकल्याचा आवाज येतो का ते ऐकायला. मातीत कुजणारं प्लास्टिक महाग, ते स्वस्त व्हावं म्हणून माझ्या पीएचडीसाठी मी त्यात मक्याचा स्टार्च मिसळत होते. पण पट्ट्या कटकन तुटायच्या. वैतागून मी स्टार्चच सोडायला निघाले.

“स्टार्च को क्यों कोसती हो, बेटा? गीला है,” स्टार्चची चिमूट दाबून पाहत ते म्हणाले.

सुकवायचं मीच विसरले होते. ओव्हन एकच, आणि त्यात रोज सकाळपासून त्यांचा डबा गरम राहायला ठेवलेला असायचा. त्यांनी तो बाहेर काढला, माझा स्टार्चचा ट्रे आत सरकवला.

दुपारी सुकलेल्या स्टार्चची निघालेली पट्टी वाकली, तुटली नाही.

“चुप है,” कान देऊन ते हसले. मग जानेवारीच्या त्या थंडीत तूप थिजलेल्या गार पोळ्या खायला बसले.