ओळखीचा आवाज

कळव्याच्या बाजारात जाताना एका काकांचं स्पीकर-अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान लागतं. मशीन तपासायला ते कधी गाणं लावत नाहीत. वारलेल्या बायकोने पूर्वी मोबाईलवर पाठवलेला निरोप लावतात, "अहो, कोथिंबीर आणा, आणि बघून आणा, मागच्यासारखी पिवळी नको." जाता-येता मलाही तो पाठ झाला आहे.

आमचा अॅम्प्लिफायर जळला तेव्हा दोन्ही स्पीकर पिशवीत घालून मी गेले. स्वस्तातला हवा, एवढंच बोलले.

फरक कळावा म्हणून त्यांनी माझे स्पीकर आधी नव्या, महागड्या अॅम्प्लिफायरला जोडले. निरोप मधासारखा आला. ते हसले. "एवढी गोड नव्हती हो ती. खोटं बोलतंय हे."

मग त्यांनी फळीवरचा जुना जोडला. घोगरा, जरा रागावलेला आवाज आला. ते स्टुलावर बसलेच.

"हाच न्या ताई. स्वस्तही आहे."

"तुम्हालाच राहू द्या," मी म्हणाले.

"ठेवून काय करू? कधीचा पडलाय इथे. तुमच्या स्पीकरवर लावला, तेव्हा कुठे ती बरोबर बोलली."

ते वायर काढायला उठले.

"काढू नका," मी म्हणाले. "अजून एकदा लावा."