भोंग्यावरची खेळी

आमच्या तेलगावात क्रिकेट बघायला पुरुष जायचे आणि ऐकायला बायका बसायच्या. कापूस वेचून झाला की जिनिंगमागच्या मोकळ्या रानात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू व्हायच्या, त्या थेट होळीपर्यंत चालायच्या. मैदानावरच्या लिंबाला दोन भोंगे बांधलेले असायचे. एक प्रेक्षकांकडं आणि दुसरा मुद्दाम गावाकडं तोंड करून. त्यामुळं भाकरी थापता थापता कोण आलं, कोण गेलं हे आम्हाला घरात कळायचं. कॉमेंट्री करायचा तो एसटी स्टँडवर केळीचा गाडा लावणारा, माझ्या दादाचा शाळेपासूनचा दोस्त. सगळं गाव त्याला भाई म्हणायचं. काळी पडलेली केळी तो 'मधात घातलेली' म्हणून विकायचा, तेव्हा मैदानावर त्याची जीभ कशी चालत असेल ते बघा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पंचक्रोशीतला सगळ्यात मोठा बॅट्समन. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून मला तो आळशी आणि हट्टी वाटायचा आणि दुकानाच्या कामाला शून्य. पण तो खेळणार असला की शेजारच्या तलवाड्याची माणसं ट्रॅक्टर भरून यायची आणि त्याच्या षटकाराला आपल्याच बॉलरला शिव्या घालायची. गावात डिश आली, पोरं घराघरांत परदेशातल्या मॅची बघायला लागली, थंड पेयाच्या कंपनीचे फलक मैदानाभोवती लागले, ढालीच्या जागी रंगीत टीव्ही बक्षीस द्यायला लागले. दादानं पस्तिशी ओलांडली. भोंग्यावर मात्र त्याचं वय उलटं चाललं होतं.

त्या सुमाराला आमच्या वडिलांना, अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आमचं किराणा दुकान आईच्या आणि माझ्या गळ्यात आलं. बारावी करून मी घरीच होते. दादा सकाळी दुकान उघडून द्यायचा आणि जेवण झालं की बॅट घेऊन निघायचा तो दिवेलागणीला परत यायचा. मला त्याचा असा राग यायचा की ताटात भाजी आपटून वाढायचे. आई म्हणायची, जाऊ दे, त्याच्या खेळण्यावर तर तुझा बाप जगतोय. ते खरंच होतं. महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडलेले अण्णा पहिल्यांदा उठून बसले ते भोंग्यावर दादाचा षटकार ऐकून. बीडच्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं की मन रमतंय तिथं रमू द्या. मग आम्ही त्यांची खाट खिडकीशी ओढली. पुढं दोन हिवाळे अण्णांनी दादाची एकही खेळी चुकवली नाही.

एका दुपारी दादा भोंग्यावर नुसता सुटला होता. भाईचा आवाज चिरकत होता, चेंडू जिनिंगच्या पत्र्यावर जात होते. अण्णांनी डाव्या हातानं मला जवळ बोलावलं.

"तू जा," ते अडखळत म्हणाले. "डोळ्यानं बघ आन् मला सांग."

पोरीनं तिथं पुरुषांच्या गर्दीत कशाला, असं आई पुटपुटली. पण अण्णांनी आजारपणात पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मी ओढणी डोक्यावर घेऊन निघाले. वाटेत दादानं आणखी एक षटकार मारला. चेंडू बाभळीत हरवला, असं भाई सांगत होता. मी पावलं उचलली. तो बाद व्हायच्या आत एक तरी फटका बघावा म्हणून शेवटी पळालेच.

जिनिंगला वळसा घालून मैदानावर आले आणि जागच्या जागी थांबले. मैदान मोकळं होतं. एक मॅच संपली होती, दुसरी सुरू व्हायची होती. पोरं लिंबाखाली चहा पीत होती. खेळपट्टीवर एकच माणूस होता, तो वाकून स्टंपांपुढं चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारत होता. तो माझा दादा होता. आणि लिंबावरचा भोंगा ओरडत होता की दादा दोन पावलं पुढं सरसावला आहे आणि चेंडू पुन्हा सीमापार गेला आहे.

मला वाटलं आपल्याला ऊन लागलं. मी दादाकडं बघितलं, भोंग्याकडं बघितलं, परत दादाकडं बघितलं. तो रेघ सरळ येतेय का ते बघत होता. सगळ्यात भयंकर म्हणजे एवढ्या माणसांत कुणीच हसत नव्हतं. तलवाड्याची पोरंसुद्धा नाही. म्हातारी माणसं कीर्तनात बसावीत तशी गप्प ऐकत होती. एकानं तर 'वा' म्हणत मान हलवली.

भाईनं मला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. माईक हातानं झाकून त्यानं मला टेबलाजवळ बोलावलं आणि घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. अण्णा उठून बसले तो षटकार खरा होता, पण तो दादाचा शेवटचाच. डिशवर बघून पोरं स्लो बॉल टाकायला शिकली होती. दादाची बॅट फिरून जायची आणि चेंडू मागनं निवांत यायचा. आधी त्याला खालच्या नंबरवर ढकललं, मग बसवलं. घरी कोण सांगणार? अण्णा खिडकीशी कान लावून बसलेले. मग भाईनंच ठरवलं की दोन मॅचींच्या मधे दादाची बॅटिंग लावायची. कमिटीनं मान्य केलं. बाहेरगावच्या संघांना आल्या आल्या कानात सांगून ठेवायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं सगळ्या मुलखाला ठाऊक होतं आणि आम्ही घरातल्या बाया ताट वाढून वाट बघत होतो.

मी तशीच खेळपट्टीवर गेले. दादाच्या पँटला, हातांना, भुवईलाही फक्की लागली होती. भांडायला गेलेली मी, पण तोंडातून एवढंच निघालं, "अण्णांनी बघायला पाठवलंय मला. जाऊन काय सांगू?"

त्यानं फक्कीचा डबा खाली ठेवला. मग टेबलापाशी गेला. मी मागंच होते.

"मला आउट कर," तो भाईला म्हणाला.

"कामून रं?" भाई माईक झाकून म्हणाला. "लई मस्त चाललंय. फिफ्टी तरी हू दे."

"हिनं खोटं बोलायचं न्हाई अण्णासमोर. कर आउट."

"कसा करू पन?"

"जसा खरा झालतो तसा. स्लो बॉलवर. बोल्ड."

भाईनं माईकवरचा हात काढला. केळी विकणारा तो माणूस, शब्द त्याला कधी कमी पडले नव्हते, पण चेंडू संथ आहे एवढं बोलून त्याचा आवाज फाटला. "बोल्ड," तो म्हणाला आणि पुढं काही बोलूच शकला नाही. भोंग्यावर नुसती खरखर येत राहिली. लिंबाखालची माणसं उठून उभी राहिली. चहाचे कप खाली ठेवून सगळे टाळ्या वाजवायला लागले, तलवाड्याचेही. कुणासाठी, कुठल्या खेळीसाठी, मला काही समजेना. दादा मान खाली घालून मैदानाबाहेर निघाला. मी त्याच्या मागं होते आणि मला हुंदका आवरत नव्हता.

आम्ही घराकडं निघालो. मला एकच धास्ती होती. अण्णा परत भिंतीकडं तोंड करतील आणि या वेळी उठायचे नाहीत. दाराशी दादाचे पाय अडले. मीच त्याला पाठीवर हात लावून आत ढकललं.

अण्णा बसलेले होते. मी काय बघितलं ते त्यांनी विचारलंच नाही. दादाच्या फक्कीनं भरलेल्या हातांकडं त्यांनी बघितलं आणि डाव्या हातानं खाटेवर जागा दाखवली. दादा अंग चोरून टेकला.

"लई खेळलास," अण्णा जड जिभेनं म्हणाले. "आता सांच्याला घरी ऱ्हात जा. मला एकट्याला करमत न्हाई."

दादानं माझ्याकडं बघितलं. दोन हिवाळे तो रोज दुपारी घर सोडून गेला होता, तोही खेळायला नाही, तर आपण खेळतोय असं अण्णांना वाटावं म्हणून.