राठ बोट

मुलगी अमळनेरला आली की घरूनच काम करते. लॅपटॉपवर बोट फिरवलं की बाण हलतो. तो हलवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिच्या ऑफिसातल्या एकाने बदल केला होता आणि तो तपासून मंजूर करायचं काम हिच्याकडे होतं. तळहात चुकून लागला तर बाण हलू नये, म्हणून त्याने हलका स्पर्श धरायचाच नाही असं केलं होतं. हिच्या बोटाने नीट चाललं. मग म्हणाली, "माय, तू लाव बोट."

मी तीनदा फिरवलं, बाण हलेना. कापूस वेचून माझी बोटं राठ झालीत, त्यांचा स्पर्श लॅपटॉपला हलकाच वाटत असणार.

"मन्हं बोट जित्तं शे ना?" माझं बोट जिवंत आहे ना, अशीच शंका आली मला.

तिने जुना प्रोग्रॅम लावला, तर बाण लगेच पळाला. तिने त्या ऑफिसातल्याला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, "आईंना जोरात दाबायला सांगा."

परक्या माणसांत माझ्या बोटाची चर्चा, याचीच मला लाज वाटत होती. पण हे ऐकून डोकंच फिरलं. पुण्याच्या नातवाला मी घरच्या अशाच लॅपटॉपवर बघते. हा बदल त्यातही आला तर रोज असं दाबत बसू? तरी नख पांढरं होईपर्यंत दाबलं. बाण ढिम्म.

"लिही," मी म्हटलं, "आईने दाबूनही पाहिलं. मंजूर नाही."