कांबळेकाकू फुकुशिमाला जातात

बिबवेवाडीतल्या आमच्या टूर्सच्या ऑफिसात ब्रोशर संपतात, किस्से संपत नाहीत. त्यात जपानच्या सहलीत आम्ही फुकुशिमाचा एक दिवस घातला, मग तर विचारूच नका! अणुभट्टीचा अपघात झालेली जागा म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. "बहुतेक भाग कधीच खुला झालाय. काही भाग अजून बंद आहे, तिकडे आपण जात नाही," हे मी झोपेतही बडबडते, असं माझा नवरा सांगतो.

*

एका गृहस्थांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं! तर म्हणाले, "अहो, मंडईत डागाळलेला टोमॅटो अर्ध्या भावात देतात. तुमची टूर पूर्ण भावात कशी?"

आमचे देशपांडे सर कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाले, "डाग गेलेत. भाव राहिलाय."

*

पण खरी गंमत कांबळेकाका-काकूंची. काका सरकारी दवाखान्यातून एक्स-रे टेक्निशियन म्हणून रिटायर झालेले. एक्स-रे अंगाला चिकटून घरी येत नाहीत, हे त्यांनी तीस वर्षं सांगितलं आणि काकूंनी तीस वर्षं ऐकलं नाही. "आधी आंघोळ! मग पोरीला हात लावा!" हा काकूंचा दारातला नियम.

ती पोर म्हणजे सुजाता. हिंजवडीतल्या कंपनीने तिला जपानला पाठवलं. नवरा-बायको फुकुशिमा शहरात राहायला लागले आणि चार महिन्यांपूर्वी त्यांना मुलगी झाली. काकूंचा सगळा जीव नातीत, पण तिकडे जायचं म्हटलं की पाय उचलेना. "व्हिडिओ कॉलवर दिसते की," असं आमच्या ऑफिसात येऊन म्हणायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या. मला फार वाईट वाटायचं.

*

शेवटी काकांनी एका जुन्या सहकाऱ्याकडून रेडिएशन मोजायचं मीटर आणलं. सुजाताच्या घराजवळच्या बागेत असाच आकडा दाखवणारा बोर्ड आहे, त्याचा फोटो तिने पाठवला. काकांनी आपलं मीटर स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलं. ओट्याचा आकडा बागेपेक्षा जास्त! ग्रॅनाइटमध्ये मुळातच थोडंसं असतं म्हणे.

काकूंनी ओट्यावरची कणकेची परात उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "अहो, पासपोर्ट कुठे ठेवलेत?"

*

विमानात काकांनी हौसेने मीटर बाहेर काढलं. एवढ्या उंचीवर आकडा वाढतोच, पण हे त्यांनी काकूंना आधी सांगायला हवं होतं! काकूंनी आकडा पाहिला, बेल दाबली आणि रिक्षावाल्याला सांगावं तसं एअर होस्टेसला सांगितलं, "मॅडम, थोडा नीचे से ले लो!"

टूर मॅनेजर म्हणून मी शेजारच्याच रांगेत होते. मी मासिक तोंडासमोर धरलं.

*

तिकडचं काहीही खायचं नाही, हा काकूंचा निश्चय. बॅगेत मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि सगळ्यात वर मंडईतला ताजा कढीपत्ता. तो नेऊ नका, असं मी तीनदा बजावलं होतं. टोकियोच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि पुडी काढून घेतली. बाहेरचा ताजा पाला त्यांच्या देशाला धोकादायक!

"धोकादायक? आमचा कढीपत्ता?" काकू कडाडल्या. "आणि म्हणतंय कोण, ते बघा!"

*

फुकुशिमाच्या दिवशी ग्रुपला बागेत सोडून मी दोघांना सुजाताच्या घरी घेऊन गेले. लिफ्टची वाट न बघता काकू तीन मजले चढल्या. गुडघे दुखतात, हे त्या दिवशी त्या विसरल्या असाव्यात. काका मागून धापा टाकत आले.

दार उघडलं. सुजाताच्या खांद्यावर गुलाबी टोपडं घातलेली नात, टुकुटुकु बघतेय. काकूंचे डोळे भरून आले. माझेही आले, उगाच कशाला लपवू? काकूंनी पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हात पुढे केले.

सुजाता झटकन एक पाऊल मागे सरली.

"आई, पुण्याहून आलीस ना? आधी आंघोळ!"