मेथीच्या पाण्यात विरघळलेल्या चिठ्ठ्या

त्या वर्षांत बडोद्यात सुट्ट्या पैशांचा दुष्काळ होता. दोन रुपये परत द्यायचे असले की दुकानदार हातावर तीन गोळ्या ठेवायचा, आणि वर चेहरा असा की उपकारच केले. मी एकदा मांडवीत एका दुकानदाराला त्याच्याच साठवलेल्या गोळ्या परत दिल्या आणि साबण मागितला.

"गोळीनं साबण ना मळे, बेन," तो म्हणाला.

"मग माझ्या साबणाच्या पैशांतून गोळी कशी मिळते?"

मागचं गिऱ्हाईक हसलं. दुकानदार हसला नाही. साबणही दिला नाही.

कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहायची. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती, कागद स्वस्तातला. घरी येऊन रागातच एक लिहून काढलं. मथळा होता "गोळी हे चलन नाही". घडियाळी पोळ नावाच्या गल्लीपासून मांडवीपर्यंत दारोदार वाटलं. पत्रकाचा परिणाम मात्र झाला: महिन्याभरात दुकानदारांनी गोळ्या बंद केल्या आणि पुठ्ठ्याची कुपनं छापली. प्रत्येकाचं कुपन वेगळं, आणि ते फक्त त्याच्याच दुकानात चालणार. आईकडे अकरा दुकानांच्या कुपनांनी भरलेला स्टीलचा डबा झाला. "सगळी मिळून किलोभर साखर येते," आई म्हणायची, "पण एका दुकानात येत नाही." देशाचा बाजार मोकळा झाला म्हणून रोज वर्तमानपत्रात वाचायचं, आणि आमचे दोन-दोन रुपये अकरा दुकानांत कोंडलेले. मला याची चीड यायची. अजून येते.

माझा एक मित्र इंजिनिअरिंगला होता. गुजराती, शांत, कॉम्प्युटर स्वतः जोडलेला. फोनच्या तारेवरून इंटरनेट लावलं की मोडेम चिरकायचा आणि त्याच्या घरचे फोन लागत नाही म्हणून ओरडायचे. जगभरची काही माणसं डिजिटल रोकडीचा प्रोग्राम फुकटात लिहीत होती आणि लिहिलेलं सगळं उघडं टाकत होती. कुणीही वाचा, कुणीही बदला. त्यानं मला त्यातली कल्पना लिफाफ्यानं समजावली. कार्बन घातलेल्या बंद लिफाफ्यात तू आपला आकडा ठेव. मी वरून सही करतो. सही आतल्या कागदावर उमटते, पण आकडा मला दिसत नाही. ती चिठ्ठी परत आली की सही माझी आहे हे मी ओळखतो. कुणाला दिली होती, ते मात्र मला कधीच कळत नाही.

"म्हणजे नोटेसारखं," मी म्हणाले. "नोट कुणाची ते नोट सांगत नाही."

"हां. पण ही नोट आपण करायची."

"नोट म्हणू नकोस. आत टाकतील."

म्हणून आम्ही तिला "सुट्ट्याची चिठ्ठी" म्हटलं. गणित बाहेरचं होतं, बाकीचं आम्ही लिहिलं. मी कॉम्प्युटर शिकले ती या कामापायी. पडद्यावरचे शब्द मराठी-गुजराती करण्यापासून सुरुवात केली आणि वर्षभरात मित्राच्या चुका काढायला लागले. वडील रेल्वेत होते. ते म्हणायचे, "आपल्या पूर्वजांनी सरकारच्या पागेत घोडे राखले. तू चिठ्ठ्या राख."

खंडेराव मार्केटजवळ व्यापाऱ्यांच्या एका मंडळाचं कार्यालय होतं. तिथल्या प्रमुख शेठनी आम्हाला कोपरा दिला, टेबल दिलं, विजेचं बिल मागितलं नाही. माणूस गोड. हातातला पत्ता तेवढा दाखवायचा नाही. वीस-एक भाजीवाल्या आणि काही किराणा दुकानं तयार झाली. रोकड आमच्याकडे भरून चिठ्ठ्या न्यायच्या, आणि एका टपरीची चिठ्ठी दुसऱ्या टपरीत चालायची. संध्याकाळी ज्याच्याकडे चिठ्ठ्या जमल्या असतील त्यानं आमच्या टेबलाशी यायचं, मशीन आकडे तपासणार, जुन्या चिठ्ठ्या रद्द, आणि नव्या छापून हातात. दुकानदारांनी जुनी कुपनं चिठ्ठ्यांत बदलून दिली आणि आईचा डबा रिकामा झाला. किलोभर साखर आली.

सगळ्यात आधी तयार झाली ती एक मासी, म्हणजे मराठीत मावशी; सगळे तिला तेच म्हणायचे. पालेभाजी विकायची, अक्षरओळख नव्हती, पण चिठ्ठीच्या रंगावरून किंमत चटकन सांगायची. तिनं हो म्हटलं म्हणून आजूबाजूच्या दहा जणींनी हो म्हटलं. ती गेली तर दहाही जातील, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि आम्ही एक मूर्खपणा केला. चिठ्ठ्या छापल्या शाईच्या प्रिंटरवर. पालेभाजीवाली दिवसभर काय करते? मेथीवर पाणी मारते. मासीनं आठवड्याच्या चिठ्ठ्या पिशवीत घालून पोत्याखाली ठेवल्या होत्या, तिची नेहमीची जागा. एका सकाळी तिनं निळ्या लगद्याचा गोळा आमच्या टेबलावर ठेवला.

"आ लो," ती म्हणाली. "वाचून दाखव."

एकही आकडा शिल्लक नव्हता. आणि चिठ्ठी कुणाची ते मशीनला माहीत नाही, याचा तर आम्हाला अभिमान होता.

"किती होते, मासी?"

"दोनशेला थोडे कमी. मी सांगीन ते तू मानशील?"

"मी मानीन. मशीन नाही मानणार."

"मग मशीनला सांग, मासीनं पंधरा दिवस तुझ्यावर विश्वास ठेवला."

मी पैसे माझ्या खिशातून देऊ केले. तिनं हात मागे घेतला. "तुझ्याकडून कशाला? तू काय माझी भाजी खाल्लीस? चिठ्ठीत गेले, चिठ्ठीतूनच येऊ देत. नाहीतर सोमवारपासून मी रोकडाच घेईन."

शेठ आतून सगळं ऐकत होते. बाहेर आले आणि मला म्हणाले, "बेटा, साधी गोष्ट. प्रत्येक आकड्यासमोर नाव लिहा. कुणी दिली, कुणी घेतली. आज नाव असतं तर मासीचे पैसे मी आत्ता दिले असते."

"आणि कोण कुणाकडून किती घेतं, ते तुम्हाला कळलं असतं."

"मंडळाला कळलं तर वाईट काय? आणि तो तुमचा प्रोग्राम उघडा टाकणं बंद करा. कुलूप कसं बनवलं ते चोराला कुणी दाखवतं? मला द्या, मी सांभाळतो. नवा कॉम्प्युटर देतो, लेझर प्रिंटर देतो."

"आणि नाही दिला तर?"

"तर टेबल मला गोदामाच्या कामाला लागेल. सोमवारपासून."

सोमवारपर्यंत पाच दिवस होते. लेझर प्रिंटर मलाही हवा होता, खोटं कशाला बोलू. त्या रात्री मी शेठविरुद्ध पत्रक लिहायला बसले. दोन ओळी झाल्या आणि लक्षात आलं, मासीला वाचता येत नाही. पत्रक फाडलं. मासीचे पैसे पत्रकानं परत येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मित्रानं तोड काढली. चिठ्ठ्यांचे आकडे वाटेल तसे काढायचेच नाहीत. ते निघावेत माणसाच्या मनातल्या एखाद्या गुपितातून. चिठ्ठ्या हरवल्या की तेच गुपित पुन्हा द्यायचं, मशीन तेच आकडे पुन्हा काढणार, न वापरलेले रद्द करून नवे देणार. नाव कुठंच नाही. पण मासीला गुपित लिहिता यायचं नाही. मग मी आयडिया काढली, आणि अगदी खूश होऊन काढली: पडद्यावर भाज्यांची चित्रं ठेवायची. मासी रोज टोपल्या एकाच क्रमानं मांडते, मेथी, पालक, कोथिंबीर, तांदळजा. तोच क्रम दाबायचा. विसरायचा प्रश्नच नाही.

मी मासीला हे सांगायला मार्केटात गेले. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि शेजारणीला हाक मारली. "अगं, माझ्या टोपल्या कशा लागतात?"

शेजारणीनं वर न बघता चारही भाज्या धडाधड सांगितल्या.

"आणि हिचं गुपित," मासी म्हणाली. दोघी हसल्या. मी पत्रकं काढणारी, जगाला शहाणपण शिकवणारी, तिथं कोथिंबिरीच्या जुडीसारखी उभी.

मासीनं पाणी मारायचं डबडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "माझ्या पियरला, माहेरी, वाडी होती. विहिरीपासून पाट निघायचा. पाटाच्या कडेनं पहिला वाफा कशाचा, दुसरा कशाचा, मी डोळे मिटून सांगीन. इथं कुणी ती वाडी बघितली नाही. आता ती राहिलीही नाही. चालेल?"

"चालेल. पण मला सांगू नका."

"तुला कशाला सांगू?"

तीन दिवस आम्ही बसून लिहिलं. चित्रं मी काढली. माझं वांगं पेरूसारखं दिसत होतं, ते मासीनं दोनदा दुरुस्त करायला लावलं. जुन्या चिठ्ठ्यांसाठी एक काम वेगळं केलं. दिलेल्या पण परत न आलेल्या आकड्यांची यादी मशीनकडे होतीच. शनिवारी मार्केटात सांगितलं, सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या बदलून न्या. रविवार संध्याकाळपर्यंत सगळ्या आल्या. एकशे अठ्ठ्याऐंशी रुपयांच्या तेवढ्या आल्या नाहीत.

"दोनशेला थोडे कमी," मित्र हळूच म्हणाला.

सोमवारी मासी आली. शेठही आले, सोबत टेबल उचलायला दोन हमाल. मी आणि मित्रानं भिंतीकडे तोंड केलं. शेठ पडद्याकडेच बघत होते.

"शेठ, तुम्हीपण," मासी म्हणाली.

शेठनी तोंड फिरवलं. हमालांनीही फिरवलं. मागे एकेक बटण वाजत होतं. आठ चित्रं दाबून तिनं आपला क्रम मशीनला दिला. प्रिंटर कुरकुरला, एकशे अठ्ठ्याऐंशी रुपयांच्या नव्या चिठ्ठ्या निघाल्या. मासीनं त्या हातात घेतल्या, रंग पाहिले, आणि सगळ्यांसमोर त्यांवर पाण्याचा हबका मारला. शाई पसरली. मित्राच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"आता परत दे," ती म्हणाली.

आम्ही पुन्हा भिंतीकडे वळलो. सातव्या चित्रानंतर ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून दाबलं, मशीननं नाही म्हटलं. ती स्वतःशीच पुटपुटली, "पाटाच्या पलीकडे तर सुवा." सुवा म्हणजे आमचा शेपू. एवढंच मी ऐकलं आणि कान बंद करता येत नाहीत याचा मला राग आला. तिसऱ्यांदा तिनं दाबलं आणि प्रिंटर कुरकुरला.

शेठनी चिठ्ठ्या बघितल्या, मग मासीकडे. "काय दाबलंस?"

"भाजी," मासी म्हणाली आणि चिठ्ठ्या कमरेला खोचल्या. या वेळी प्लास्टिकात गुंडाळून.

टेबल शेठनी तरीही नेलं. दिलेला शब्द त्यांनी पाळला, हे मान्य करायला हवं. आम्ही कॉम्प्युटर हातगाडीवर घालून मासीच्या टपरीमागे नेला, वायर शेजारच्या किराणावाल्याकडून घेतली. प्रोग्राम त्याच आठवड्यात सगळ्या जगासाठी उघडा टाकला, कुलपासकट. वांग्याचं चित्रही तसंच आहे. मासीनं त्या सोमवारीच नवा क्रम घेतला, कारण शेपू मी ऐकला होता. तो क्रम मला आजही माहीत नाही.