डाव्या हाताचा गळपट्टा

जेवण झाल्यावर गॅलरीतल्या आरामखुर्चीत टेकलो की माझे डोळे आपोआप मिटतात, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. पण आज मला झोपायचं नाही. मांडीवर सरोजचा गळपट्टा आहे आणि चहाच्या वेळेला मंगल येऊन तो उसवणार आहे.

सरोज म्हणजे माझी बायको. श्रावणात गेली. दवाखान्यातल्या खाटेवर बसून तिनं हा गोल गळपट्टा क्रोशाच्या सुईनं विणायला घेतला, वांगी रंगाच्या लोकरीत. आमची तेजू नर्स आहे. तिला लेहला नोकरी लागली, आणि तिथल्या थंडीचं वर्णन ऐकून इथे गडहिंग्लजमध्ये सरोजच्या अंगावर काटा आला. गळपट्टा तसा अगदी सोपा. साखळी घालायची, तिची दोन टोकं जोडून कडं करायचं आणि त्यावर खांब, म्हणजे उभे टाके, घालत गोल गोल वर चढायचं. डोक्यातून गळ्यात घातला की झालं. समोरची मंगल बायकांना विणकाम शिकवते, ती म्हणते हे नवशिक्याचं काम. पण अर्ध्यावर सरोजचा हात थांबला. आणि उद्या सकाळी तेजू निघतेय.

मी सायकलवाला. जन्मभर पंक्चर काढली, वाकड्या चाकांचे आउट काढले. लोकर हातात धरेन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकलला असता. तरी मंगलकडून साखळी शिकलो, खांब शिकलो. खांब मला चांगला जमतो. अडलंय ते दुसरीकडेच. सरोज डावरी होती. तिचं काम डावीकडून उजवीकडे जायचं, माझं उजवीकडून डावीकडे. तिच्या शेवटच्या फासात मी सुई घालतो आणि पुढे निघतो, तर पुढे म्हणून जातो तो तिच्याच खांबांवर मागे चढतो. कडेला पायरी पडते, भोक पडतं. डाव्या हातानं करून पाहिलं, एक खांब उभा राहील तर शपथ.

मंगलनं हात टेकले. "काका, सगळं उसवून मी उद्यापर्यंत नवा करून देते की. लोकर तीच, काकूंचीच."

लोकर तीच, हे खरं. पण लोकर दुकानात मिळते. हे खांब सरोजचे आहेत. खांबाला तोंड असतं आणि पाठ असते. तोंड गुळगुळीत, पाठीवर आडवी उंचवट्याची रेघ. सरोजच्या सगळ्या खांबांची तोंडं बाहेर बघतात. तिच्या हातचं शेवटचं काम आहे ते, आणि मला ते लेकीच्या गळ्यात घालायचंय. तेजूला गळपट्टा दुकानातलाही चालेल. मला चालणार नाही.

मी माझे सगळे चुकलेले खांब सोडवतो. सरोजच्या शेवटच्या खांबाला सेफ्टी पिन लावलीय, तिथवर येऊन थांबतो. मग सुई फासात तशीच ठेवून जरा मान मागे टेकतो. झोपायचं नाहीच. नुसते डोळे मिटायचेत.

कठड्यावर चिमण्या भांडतायत. खाली कुणीतरी सायकलला पंप मारतंय. फुस्स, फुस्स. वॉशर गेलाय त्या पंपाचा, माझ्या लक्षात येतं, आणि मी सांगायला उठतो तर मी दुकानातच आहे.

दुकान विकून किती दिवस झाले, तिथं आता मोबाइल मिळतात. पण आज शटर वर आहे, आणि खिळ्यांना टायर टांगलेत. सगळे वांगी रंगाचे. हात लावला तर मऊ आहेत. मला त्याचं काही वाटत नाही. एवढंच वाटतं की यांत हवा कशी भरायची.

"हवा कशाला? थंडीला घालायचेत ते."

सरोज पंक्चरच्या सोल्युशनच्या खोक्यावर बसलीय. साडीवर माझा जुना स्वेटर, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. मी तिच्या शेजारी बसायला जातो.

"शेजारी नको. समोर बसा."

"का?"

"मी डावरी, तुम्ही उजवे. शेजारी बसलात की गोंधळ होतो. समोर बसलात की आरशात बघितल्यासारखं दिसतं. कितीदा म्हटलं होतं, बसा, शिकवते. तुमचं आपलं गिऱ्हाईक आलंय, गिऱ्हाईक आलंय."

मी समोर बसतो. बूड टेकतं ते दवाखान्याच्या बाकावर. फिनाइलचा वास येतोय. माझ्या हाताला मात्र अजून ग्रीस आहे, आणि ते लोकरीला लागेल म्हणून मी हात पँटला पुसत राहतो.

"तू इथून घरी आलीच नाहीस," मी म्हणतो.

"आलेय की आता."

"दुखत होतं का गं तुला? शेवटी? मी चहा घ्यायला खाली गेलो होतो."

सरोज चष्म्यावरून माझ्याकडे बघते. गॅसवर दूध ठेवून मी पेपर वाचत बसलो की ती अशी बघायची.

"चहा कसा होता?"

"पांचट."

"मग झालं तर. मला काही दुखलं नाही. लोकरीचा गुंडा खाटेखाली घरंगळला होता, तेवढं वाटलं की कुणीतरी उचलून द्यावा."

मला रडू येतं. स्वप्नात आपल्याला आपलं रडणं ऐकू येतं, तसं मला ते ऐकू येतंय. सरोज गुंडा शोधायला वाकते आणि मी पण वाकतो. बाकाखाली लोकर लांबच लांब गेलीय. आम्ही दोघं तिच्या मागं मागं निघतो, कॉरिडॉरमधून, खाटांच्या मधून, आणि बाहेर येतो ते एसटी स्टँडवर.

स्टँडवर कुणी नाही. फक्त तेजू बाकावर बसून झोपलीय, बॅगेवर डोकं ठेवून. तिसरीत होती तेवढीच दिसतेय, पण अंगात नर्सचा गणवेश आहे. गळा उघडा आहे.

"बघितलात का गळा?" सरोज म्हणते. "लहानपणापासून तिला आधी घशालाच होतं. आणि तुम्ही हे धरून बसलाय. द्या मंगलला, उसवू दे की. पोरीला ऊब मिळाल्याशी कारण."

"नाही."

"अहो, लोकर आहे ती. मी काय त्यात बसलेय का?"

"हो," मी म्हणतो. "बसलीयेस."

ती चष्मा वर सरकवते. लग्नाला एवढी वर्षं झाली, सरोजला मी निरुत्तर केल्याचं मला आठवत नाही. जिंकल्याचा आनंद मात्र होत नाही. वाटतं, तिनं काहीतरी बोलावं. बोलत राहावं.

"हट्टी माणूस," ती अखेर म्हणते. पण आवाज मऊ आहे. "दाखवा, कुठं अडलंय?"

मी गळपट्टा पुढे करतो. आमच्या दोघांच्या मध्ये आता एक सायकल उलटी उभी आहे, सीट आणि हँडलवर, दुरुस्तीला आलीय तशी. गळपट्टा चाकावर चढवलेला आहे. सरोज पेडलला बोट लावते आणि तो सावकाश फिरतो.

"हे डावं पेडल. याचे आटे कसे असतात?"

"उलटे."

"मग तुम्ही पाना कसा फिरवता?"

"उलटा."

"पेडल फेकून देता का? डावं आहे म्हणून?"

मला हसू येतं. नवीन लग्न झालं तेव्हा मी तिला डावं पेडल म्हणून चिडवायचो, ते तिनं बरोबर लक्षात ठेवलंय.

"पण उलटा फिरवायला मला हातच डावा लागतो," मी म्हणतो. "ते जमत नाही. सगळं करून बघितलं."

"हात नका बदलू. काम बदला. इकडून मी बघतेय, तिकडून तुम्ही बघताय. मला जे उजवीकडं जाताना दिसतं, ते तुम्हाला कुणीकडं जाताना दिसतंय?"

चाक फिरतंय. ती पलीकडे, मी अलीकडे. तिच्या बाजूनं चाक तिच्या उजवीकडे चाललंय. माझ्या बाजूनं तेच चाक माझ्या डावीकडे येतंय. माझ्या हाताच्या सोयीनं.

"आतून," मी म्हणतो. "गळपट्टा उलटा करून आतून विणायचा."

"एवढा मोठा मेकॅनिक," सरोज म्हणते.

"पण मंगल म्हणते, गोल कामात उलटायचं नसतं. माझ्या खांबांची तोंडं आत जातील. बाहेर पाठ दिसेल. अर्धा असा, अर्धा तसा."

"दिसू दे की. अर्धा तुमचा, अर्धा माझा. तेजू एका बाजूनं घालेल तेव्हा माझं तोंड बाहेर, तुमचं तिच्या गळ्याला. उलटा घातला की तुमचं बाहेर, माझं तिच्या गळ्याला. कुणीतरी एक तिच्याकडं बघत राहील."

बसचा हॉर्न वाजतो. बस दिसत नाही, पण सरोज उठते, पदर सारखा करते, पर्स काखेत मारते. दर वेळी माहेरी जाताना करायची तसंच.

"थांब ना."

"काम पडलंय तुमच्यापुढं. मला बसायला वेळ आहे, तुम्हाला कुठाय?"

"एवढ्यात जाऊ नको."

ती माझ्यासमोर उकिडवी बसते. माझ्या मांडीवरचा गळपट्टा हातात घेते, माझ्या बोटातली सुई काढून आपल्या डाव्या हातात धरते. तिची नखं मला दिसतात. अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग दिसतो. सुई आत जाते, दोरा घेते, बाहेर येते. ती हे अगदी हळू करते, शिकवताना करतात तसं, आणि मी तिच्या हातांकडे बघत असताना हॉर्न पुन्हा वाजतो, वाजत राहतो, आणि मग ती दारावरची बेल असते.

गॅलरीत ऊन माझ्या पायांवर आलंय. चिमण्या गेल्यात. गळपट्टा मांडीवर आहे, सुई फासात आहे.

"आलो, आलो," म्हणत मी दार उघडतो. मंगल उभी आहे, हातात कात्री आणि पिशवी.

"झोपला होता व्हय? बराच वेळ बेल मारतेय. द्या इकडं, सुरुवात करते."

"उसवायचं नाही," मी म्हणतो. "उलटा करून आतून विणायचा. मी विणतो. तू चुकतंय का तेवढं बघ."

ती माझा चेहरा बघते. मग बोटानं हवेत एक गोल काढून पाहते. "बसेल हो," ती सावकाश म्हणते. "पण पाठ बाहेर येईल, काका. जोड दिसणार."

"दिसू दे की."

ती गळपट्टा उजेडात धरते, पिन कुठं आहे ते बघते आणि थांबते.

"पिन मागं राहिलीय तुमची."

"पिन सरोजच्या शेवटच्या खांबाला आहे."

"त्याच्या पुढं एक खांब आहे की."

मी चष्मा लावतो. पिनेच्या पुढे एक खांब आहे. उभा, सरळ, ना घट्ट ना सैल. मी माझे सगळे सोडवले होते, तिथवर येऊन थांबलो होतो. झोपेत हात चालला असेल, असं मी म्हणणार असतो. पण माझा हात उजवा आहे. पायरी नाही, भोक नाही. खांब पुढे गेलाय, सरोजचे जायचे त्या दिशेला, आणि त्याचं तोंड बाहेर आहे.

मंगल माझ्याकडे बघते. कात्री पिशवीत घालते, खुर्ची ओढते आणि माझ्यासमोर बसायला लागते.

"समोर नको," मी म्हणतो. "तू उजवी आहेस. शेजारी बस."

मग मी सेफ्टी पिन काढतो आणि ती एक खांब पुढे लावतो.